वाऱ्यात टिकणारा कंदील आणि फवारणी पंपावर चालणारी माळ

माझं चोपड्यात मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. दसरा झाला की गल्लीतली पोरं अर्धवट कंदील घेऊन येतात आणि तक्रार एकच, "नाना, वारामा आमना कंदील टिकस नही!" पोरांना वाटतं कागद हलका लागला. कागदाचा दोष नसतो, सांगाडा पिळतो म्हणून कागद फाटतो. तेव्हा आधी सांगाडा.

बुरुडाकडून हिरव्या बांबूच्या कामट्या आणा. टोपल्यांची पातळ पट्टी नको, पेन्सिलीच्या निम्म्या जाडीची काडी हवी. 8 इंचाच्या 24 काड्या कापायच्या. पहिली काडी पट्टीने मोजा, तिच्यावर शाईची खूण करा आणि बाकीच्या सगळ्या तिच्याच मापाने कापा. आत्ता कापलेल्या काडीवरून पुढची मोजत गेलात तर दर काडीला केसभर फरक पडतो आणि चोविसावी पाव इंच लांब निघते.

चार-चार काड्यांचे चार चौरस बांधा. दोरा आधी गुणाकाराच्या फुलीसारखा, मग दोन काड्यांच्या मधून आवळून दोन वेढे, आणि गाठीवर फेविकॉलचा थेंब. आता चारही चौरस टोकावर उभे करा, पतंगासारखे, आणि बाजूचे कोपरे एकमेकांना बांधून गोल कडं करा. वर चार टोकं येतील, ती चार काड्यांनी जोडा. खाली तेच. सोळा आणि आठ, झाल्या चोवीस. सहा चौरस आणि आठ त्रिकोण तयार होतात. हाच आपला नेहमीचा कंदील.

बहुतेक जण इथेच कागद चिकटवायला घेतात. थांबा. सांगाडा वरून-खालून दोन्ही हातांत धरा आणि बरणीचं झाकण फिरवतात तसा हलकेच पिळा. चौरस तिरके होतात आणि अख्खा कंदील फिरत फिरत आत दबतो. त्रिकोण हलत नाही, चौरस हलतो. वाऱ्याने कंदील असाच पिळतो आणि ताण सगळा कागदावर येतो. म्हणून बाजूच्या चारही चौरसांत कोपऱ्यातून कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्याची फुली ताणून बांधा. दोन्ही दोरे सारख्याच लांबीचे भरले पाहिजेत, 8 इंचाच्या चौरसाला सव्वाअकरा इंचांच्या किंचित वर. वरच्या आणि खालच्या चौरसात दोऱ्याऐवजी कर्णावर एकेक कामटी बांधा, म्हणजे बल्बसाठी हात आत जायला जागा राहते. आता पुन्हा पिळून बघा. टेबलाच्या पायासारखा घट्ट लागेल.

खळ घरीच करा. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर दाट होईपर्यंत हलवा. झुरळ-किडा लागू नये म्हणून चिमटीभर मोरचूद घालतात. शेतकऱ्याच्या घरात ते असतंच, पण ते विष आहे. भांडं वेगळं ठेवा आणि त्या खळीत लहान पोरांना बोटं घालू देऊ नका.

पतंगी कागद चौकटीपेक्षा अर्धा इंच मोठा कापून काडीवरून आत दुमडून चिकटवा. वरचा-खालचा चौरस उघडा सोडायचा. रंगाबद्दल माझं मत ऐकाल तर चौरस पिवळे आणि त्रिकोण लाल किंवा केशरी करा. गर्द निळा दिवसा छान दिसतो, पण रात्री सगळा उजेड खाऊन टाकतो. झिरमिळ्या आणि शेपट्या हौसेप्रमाणे. फार लांब केल्या तर त्याच वारा धरतात.

आत 5 वॅटचा एलईडी पुरतो. जुना साठचा बल्ब तापतो, तो कागदाच्या कंदिलात नको. पणतीही नको. कंदिलाचं वजन वायरवर टाकू नका. वरच्या चार कोपऱ्यांतून सुतळी घेऊन कंदील तिच्यावर टांगा आणि वायर ढिली सोडा. होल्डरच्या आत वायरला गाठ मारा, म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. बटण फेजवर आहे ना, हे टेस्टरने बघा आणि हे काम मोठ्याने करा.

आता माळ. पोरांच्या हातात 230 व्होल्टची माळ द्यायला मी तयार नसतो, म्हणून 12 व्होल्टवर करायला लावतो. फवारणी पंपाची बॅटरी 12 व्होल्टचीच असते आणि दिवाळीला कपाशीची फवारणी आटोपत आलेली असते. लाईट गेली तरी माळ चालू!

पांढऱ्या एलईडीला साधारण 3 व्होल्ट लागतात. तीन एलईडी एकापुढे एक जोडले की 9 झाले, उरलेल्या 3 व्होल्टसाठी 330 ओहमचा पाव वॅटचा रेझिस्टन्स घाला. त्यावर नारिंगी, नारिंगी, तपकिरी असे पट्टे असतात. लाल-पिवळ्याला 2 व्होल्टच लागतात, म्हणून ते चार घ्या, रेझिस्टन्स तोच. लांब पाय प्लसकडे. घरात पांढऱ्याचे असे दहा गट करून सगळे दोन लांब वायरींवर शेजारी-शेजारी जोडले तर 30 दिवे होतात आणि सगळी माळ ओढते 0.1 अँपियर. बॅटरी 8 अँपियर-अवरची आणि नीट भरलेली असेल तर चार-पाच संध्याकाळी सहज निघतात. एखादा गट पेटला नाही तर त्यातला कुठला तरी एलईडी उलटा बसलाय, फिरवून घ्या. प्रत्येक सांध्यावर स्लीव्ह, म्हणजे वायरवर बसणारी प्लास्टिकची नळी, चढवा आणि बॅटरीच्या प्लसजवळच 1 अँपियरचा फ्यूज टाका. दिवे छोटे असले तरी शॉर्ट झालं तर ही बॅटरी वायर लाल करू शकते.

सजावटीला विकत काही आणू नका. पहिली वेचणी झालेल्या शेतातून कापूस निघालेल्या बोंडांची वाळकी टरफलं गोळा करा. चार-पाच पाकळ्यांचं लाकडी फूलच असतं ते, टोकं मात्र बोटाला टोचतात. देठाकडून दाभणाने भोक पाडा, एलईडीचे पाय त्यातून मागे काढा आणि मग वायरला सोल्डरचा डाग द्या. एलईडीचं टोक आधी पॉलिश पेपरवर घासून धुरकट करा, नाहीतर उजेड सरळ डोळ्यात जातो आणि फूल काही दिसत नाही. घासलं की उजेड बाजूला पसरतो आणि पाकळ्या आतून तांबूस दिसायला लागतात. 12 व्होल्टचा एवढासा एलईडी तापत नाही, म्हणून वाळकं टरफल चालतं. हीच फुलं 230 च्या जुन्या बल्बांच्या माळेवर चढवू नका.

बॅटरी नसेल तर जुन्या राउटरचा अडॅप्टर चालतो, फक्त त्यावर 12 व्होल्ट डीसी लिहिलंय का ते वाचा.

तुळशीचं लग्न झालं की कागद ओला करून सोलून काढा. सांगाडा माळ्यावर टांगा, पुढच्या वर्षी फक्त कागद लागेल. बॅटरी पूर्ण उतरू देऊ नका, चार्ज करून आठवणीने परत पंपात बसवा. हरभऱ्यावर घाटेअळी दिसली की घरात पहिली शोधाशोध तिचीच होते.