‘घरी जाणे’ म्हणजे कुठे जाणे? ऑस्ट्रेलियात नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांसाठी

अठरा वर्षांपूर्वी मेलबर्नला येताना विमानात जो अर्ज भरून द्यावा लागला, त्यात पुढचे बारा महिने आपण ऑस्ट्रेलियात राहणार आहात का, असा एक प्रश्न होता आणि त्याच कागदावर सोबत खाद्यपदार्थ, बियाणे किंवा वनस्पती आहेत का, हेही विचारले होते. माझ्या पेटीत आईने दिलेला गोडा मसाला आणि खव्याचे पेढे होते. मी दोन्ही लिहिले. पेढे अधिकाऱ्यांनी काढून घेतले, मसाला तपासून परत दिला आणि दंड झाला नाही, कारण जे आपण आपणहून सांगतो ते आणण्याजोगे नसले तरी त्याबद्दल शिक्षा होत नाही. शिक्षा लपवण्याबद्दल होते आणि ती व्हिसा रद्द होण्यापर्यंत जाऊ शकते.

हा प्रसंग आधी सांगण्याचे कारण असे की, इथल्या कायद्याचा स्वभाव त्यात दिसतो. आपल्याकडे राजपत्रित अधिकाऱ्याची सही आणि शिक्का असल्याशिवाय कागदाला किंमत येत नाही, म्हणून इथे नुसत्या स्वतःच्या निवेदनावर काम होताना पाहून कायदा सैल आहे असा समज होतो. तो समज चुकीचा आहे. करविवरणपत्रात, व्हिसाच्या अर्जात, घरभाड्याच्या अर्जात तुम्ही जे लिहिता ते खरे मानून व्यवहार पुढे जातो आणि पुढे कधीतरी ते खोटे ठरले तर तुमच्या शब्दाचीच पत जाते. नागरिकत्वाच्या अर्जात चारित्र्य पाहिले जाते, तेव्हा हे जुने कागद पुन्हा समोर येतात.

कायदा तुमच्याही बाजूने आहे, हे मात्र कोणी आपणहून सांगायला येत नाही. माझ्या पहिल्या नोकरीत किमान वेतनापेक्षा कमी पैसे रोख मिळत होते आणि व्हिसा जाईल या भीतीने मी सात महिने गप्प राहिलो. ते गप्प राहणे अनावश्यक होते. किमान वेतन व्हिसाधारकालाही लागू आहे आणि ‘फेअर वर्क ओम्बड्समन’कडे (कामगारांच्या हक्कांचे सरकारी कार्यालय) तक्रार करता येते; इंग्रजीची अडचण असेल तर १३१ ४५० या क्रमांकावर दुभाषा मिळतो.

लग्न होऊन जोडीदाराच्या व्हिसावर आलेल्या भगिनींनी आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी होत असेल, तर नवऱ्याचे घर सोडल्याने देश सोडावा लागतोच असे नाही. कौटुंबिक हिंसाचारामुळे संबंध तुटल्यास कायम वास्तव्याचा अर्ज पुढे चालू ठेवण्याची तरतूद स्थलांतराच्या नियमांत आहे. व्हिक्टोरिया राज्याने तर हुंड्यासाठी होणारा छळ २०१९ पासून कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात स्पष्टपणे नोंदवला आहे. तातडीच्या संकटात ०००, आणि सल्ल्यासाठी १८०० ७३७ ७३२. हे क्रमांक पाठ करा आणि ओळखीच्या नव्या नवरीलाही द्या.

रीतिरिवाजांबद्दल थोडक्यात सांगतो. वरिष्ठांना पहिल्या नावाने हाक मारणे हा उद्धटपणा नाही, आणि ‘ब्रिंग अ प्लेट’ असे निमंत्रण आले तर सर्वांना वाटता येईल असा एक पदार्थ करून न्यायचा असतो, रिकामी थाळी नव्हे. बाकीचे सवयीने येते.

सवयीने येत नाही तो या भूमीचा इतिहास. तो मुद्दाम समजून घ्यावा लागतो. शाळेच्या किंवा कार्यालयाच्या कार्यक्रमाच्या आरंभी जमिनीच्या मूळ रक्षकांचे, म्हणजे ब्रिटिशांच्या आधीपासून इथे राहणाऱ्या लोकांचे, स्मरण केले जाते (मेलबर्नच्या मोठ्या भागात ते वुरुंजेरी लोक आहेत), तेव्हा आपली मंडळी बहुधा ती औपचारिकता समजून फोनमध्ये पाहतात. तसे करू नये. ही भूमी कोणाच्याही मालकीची नव्हती, या गृहीतकावर इथला जमिनीचा कायदा दोनशे वर्षे उभा होता. टॉरेस सामुद्रधुनीतील मेर बेटावर मात्र कोणत्या कुटुंबाची बाग कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्याच बेटाच्या एडी माबो यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा वर्षे खटला लढवला आणि ३ जून १९९२ रोजी उच्चतम न्यायालयाने ते गृहीतक नाकारले. माबो स्वतः काही महिने आधीच, जानेवारीत वारले होते. ज्यांच्या घरात बांधावरून तीन पिढ्या कोर्टाच्या खेपा झाल्या आहेत, त्या आपल्या माणसांना हा निकाल समजायला अवघड जाऊ नये. २६ जानेवारीला आपण प्रजासत्ताक दिनाचा तिरंगा जरूर फडकवावा, पण १७८८ साली याच तारखेला सिडनीच्या किनाऱ्यावर ब्रिटिश झेंडा रोवला गेला आणि मूळ रहिवाशांपैकी अनेक जण हा दिवस शोकाचा मानतात, हे मुलांना त्याच सकाळी सांगावे.

आपल्यासारख्यांसाठीही हे दार फार काळ बंद होते. १९०१ च्या कायद्यानुसार अधिकारी नको असलेल्या माणसाला कोणत्याही युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचे श्रुतलेखन घालू शकत, म्हणजे इंग्रजी उत्तम येणाऱ्यालाही सहज नापास करता येई. ती परीक्षा १९५८ साली गेली, गोऱ्यांनाच झुकते माप देणारे धोरण १९७३ पर्यंत पुरते संपले आणि १९७५ साली वंशभेदविरोधी कायदा झाला. इथे एक फरक ध्यानात घ्यावा. डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या भारतीय संविधानात मूलभूत हक्कांचे स्वतंत्र प्रकरण आहे. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत तसे प्रकरण नाही. तुमचे बरेचसे संरक्षण संसदेने केलेल्या साध्या कायद्यांवर अवलंबून आहे आणि असे कायदे संसद बदलू शकते. म्हणूनच मला नागरिकत्वाचा प्रश्न सोयीचा न वाटता जबाबदारीचा वाटतो.

साधारणपणे चार वर्षांचे कायदेशीर वास्तव्य, त्यातले शेवटचे वर्ष कायम रहिवासी म्हणून, एवढे झाले की अर्ज करता येतो. परीक्षेत वीस प्रश्न असतात. पंधरा बरोबर यावे लागतात आणि ऑस्ट्रेलियन मूल्यांवरच्या पाच प्रश्नांपैकी एकही चुकून चालत नाही. अभ्यास अवघड नाही, निर्णय अवघड आहे. ऑस्ट्रेलियाला दुहेरी नागरिकत्व मान्य आहे, भारताला नाही. शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व संपते, त्यानंतर तो पासपोर्ट प्रवासाला वापरणे गुन्हा ठरतो, आणि तो रीतसर परत करून ओसीआय (‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’) कार्ड काढावे लागते. त्या कार्डावर भारतात राहता येते, मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. मी हे फोनवर सांगितले तेव्हा वडिलांनी एकच विचारले, “मग सातबाऱ्यावर तुझं नाव लागणार नाही का?” वारसाहक्काने आलेली जमीन मिळू शकते, हे कळल्यावर ते शांत झाले, पण मी झालो नाही. माझे गाव सातारा जिल्ह्यात आहे आणि तिथल्या निवडणुकीत माझे मत आता कधीच पडणार नाही, ही गोष्ट मला आजही लागते. नव्याने आलेल्यांनी हा निर्णय घाईने घेऊ नये, तसाच तो वर्षानुवर्षे पुढेही ढकलू नये, कारण अधांतरी राहणाऱ्याला कोणत्याच गावचे गाऱ्हाणे हक्काने मांडता येत नाही.

पहिली काही वर्षे मी डिसेंबरात ‘घरी चाललो’ म्हणत असे आणि जानेवारीत ‘परत आलो’ म्हणत असे. एकदा साताऱ्याहून निघताना आईला मी नकळत ‘घरी पोहोचलो की फोन करतो’ असे म्हणालो. ती काही बोलली नाही, पिशवीत तिळगुळाचा डबा तेवढा ठेवला. तो डबाही मी अर्जात लिहिला. इथे संक्रांत भर उन्हाळ्यात येते, पारा कधी चाळिशी गाठतो आणि दिवस मोठा होण्याऐवजी लहान होत जातो, तरी आम्ही दरवर्षी शेजारच्या चार घरी तिळगूळ देतो.

नागरिकत्वाची शपथ घेतलीत की मतदारनोंदणीचा अर्ज त्याच दिवशी भरून टाका. केंद्रीय निवडणुकीत मतदान १९२४ पासून सक्तीचे आहे आणि चुकवल्यास वीस डॉलरचा दंड आहे, पण दंडासाठी म्हणून जाऊ नका. मतदान शनिवारी, बहुधा जवळच्या शाळेत असते. मुलांना सोबत न्या आणि पसंतीक्रमाचे आकडे कसे लिहायचे ते आदल्या रात्री जेवणानंतर एकत्र बसून पाहा.