पिल्लू घरी येण्याआधी: शी-शूच्या ट्रेची तयारी

कुत्र्याचं पिल्लू शनिवारी येणार असेल तर शुक्रवारी रात्रीच ट्रे जागेवर हवा. दोन महिन्यांच्या पिल्लाचं लसीकरण पूर्ण व्हायला ते साधारण चार महिन्यांचं व्हावं लागतं. तोवर त्याला रस्त्यावर सोडणं धोक्याचं, कारण पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये शी-शू घरातच होणार.

ट्रे असा घ्या की पिल्लाला आत गोल फिरता येईल. बसण्याआधी ते वास घेत फिरतंच, आणि ट्रे अरुंद असला की पुढचे पाय आत, मागचे बाहेर राहतात. एका बाजूची कड दोन-तीन बोटंच उंच असावी. ट्रेत पसरायला ओलं शोषणारा चुरा मिळतो, त्याला लिटर म्हणतात. मांजरांसाठीचा, ओला झाला की गुठळ्या होणारा मातीचा लिटर मात्र आणू नका. पिल्लं दिसेल ते तोंडात घालतात आणि ती माती पोटात फुगून आतडं अडू शकतं. दाबलेल्या कागदाच्या गोळ्यांचा लिटर बरा. ट्रे जेवणाच्या भांड्यापासून आणि अंथरुणापासून लांब ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं: घरातली सगळी पायपुसणी आणि सतरंज्या उचलून माळ्यावर टाका. पिल्लू जागा ओळखतं ती नाकाने आणि तळव्याने. आमचं पिल्लू पहिल्या संध्याकाळी गुळगुळीत फरशीवरून घसरत मोरीच्या दारापर्यंत गेलं, पायपुसण्यावर दोनदा फिरलं आणि तिथेच बसलं. पायाखाली मऊ लागलं, ओलं शोषलं गेलं, त्याच्या लेखी जागा पक्की झाली. ती सवय मोडायला आम्हाला तीन आठवडे लागले. चूक त्याची नव्हती, पायपुसणं आम्ही ठेवलं होतं.

फिनाईलची बाटली वर ठेवून द्या. त्याने पुसलेल्या फरशीवरून फिरलेले पाय पिल्लू चाटतं आणि ते विष पोटात जातं, शिवाय शूचा वास आपल्याला गेला तरी त्याला येतच राहतो. शूचा वास मुळापासून काढणारा एन्झाइमचा क्लीनर आणून ठेवा. उकडलेल्या बिनमिठाच्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे डबीत घालून डबी ट्रेजवळ ठेवा. शू संपली की त्याच क्षणी तुकडा मिळायला हवा. फ्रिजपर्यंत जाऊन येईस्तोवर कशाबद्दल मिळाला ते त्याला कळत नाही.

पाळ्याही आधीच ठरवा. झोपेतून उठल्यावर, जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटांनी, खेळून झाल्यावर त्याला ट्रेत नेऊन उभं करायचं. एवढं लहान पिल्लू जागेपणी दोन-तीन तासांपलीकडे रोखून धरू शकत नाही, आणि झोपेतही रात्रभर नाही, म्हणून रात्रीचा एक गजर लागतोच. कोण उठणार ते आजच बोलून घ्या. शब्द सगळ्यांचा एकच, ‘शू कर’. आजींनाही तो सांगा, आणि चुकीच्या जागी केलं तर कोणी ओरडायचं नाही हेही सांगा. ओरडा खाल्लेलं पिल्लू सोफ्यामागे लपून शू करायला शिकतं, आणि मग ते शोधत बसावं लागतं.

सकाळी लादी पुसायला येणाऱ्या मावशींना एक गोष्ट आवर्जून सांगा: शी रोज उचलायची, ओला लिटर बदलायचा, पण त्यातला मूठभर ट्रेत तसाच राहू द्यायचा. दुसऱ्या दिवशी पिल्लाला जागा सापडते ती त्याच वासावर.