सुलेखन कार्यशाळेतील या चुका टाळा : हाताला दोष देण्याआधी कलम, कागद आणि शाई तपासा

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुट्टी लागली, की रत्नागिरी, चिपळूण, सावंतवाडी, मालवण अशा गावांत सुलेखनाच्या दोन-तीन दिवसांच्या कार्यशाळा भरतात. गावी आलेली चाकरमान्यांची मुले, शाळांतील कलाशिक्षक, निवृत्त मंडळी आणि घरच्या कार्याची पत्रिका स्वतःच्या हाताने लिहावी अशी हौस असलेल्या गृहिणी असे सगळे एकाच सतरंजीवर बसून कित्ता गिरवू लागतात. पहिल्या दिवशी दुपारच्या सुमारास त्यांतले कोणीतरी कलम खाली ठेवते आणि हताश होऊन म्हणते, ‘सर, माझ्या हाताला वळणच नाही.’ इतकी वर्षे शिकवताना हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे, आणि त्या माणसाशेजारी बसून त्याचे कलम, कागद व शाई पाहिल्यावर बहुतेक वेळा मला दोष हाताबाहेरच सापडला आहे. चुकीच्या कोनात धरलेल्या कलमाने शंभर वेळा गिरवले, तरी चूकच पक्की होत जाते. म्हणून अक्षर बिघडले, तर आधी कलमाचा कोन, मग कागद, मग शाई आणि सगळ्यांत शेवटी हात, या क्रमाने तपासणी करावी, असा माझा आग्रह असतो.

कलमाचा कोन रोमनचा धरणे

सर्वाधिक नुकसान करणारी चूक हीच आहे. बाजारात मिळणारी सपाट टोकाची पेने आणि त्यांच्यासोबत येणारी माहितीपत्रके रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. उजव्या हाताने सहज धरलेल्या अशा पेनाची कड कागदावर खालच्या डावीकडून वरच्या उजवीकडे टेकते, आणि रोमनला तेच हवे असते. देवनागरीची परंपरागत घडण मात्र याच्या नेमकी उलट आहे. तिच्यात कलमाची कड वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे, साधारण ४५ अंशांत टेकावी लागते. कोन रोमनचा राहिला, तर अक्षराचा सांगाडा बरोबर येतो, परंतु जाड-बारीकपणा उलटा पडतो; जे पोट भरदार दिसायला हवे ते खंगते, जी शेपटी निमुळती व्हायला हवी ती जाड होऊन लोंबते, आणि लिहिणाऱ्याला काहीतरी बिनसले आहे एवढेच जाणवते, काय ते सांगता येत नाही.

याची परीक्षा अगदी सोपी आहे. पानाच्या कोपऱ्यात दोन तिरक्या रेघा ओढाव्यात, पहिली वरच्या उजवीकडून खालच्या डावीकडे आणि दुसरी वरच्या डावीकडून खालच्या उजवीकडे. देवनागरीसाठी पहिली रेघ कलमाच्या पूर्ण रुंदीची आणि दुसरी केसासारखी बारीक उमटली पाहिजे. त्यानंतर एक दांडा आणि एक शिरोरेषा काढावी. कोन ४५ अंशांचा असेल, तर दोन्हींची जाडी जवळजवळ सारखी येते. दांडा जाड आणि शिरोरेषा बारीक आली, तर कड आडवी पडली आहे असे समजावे. शिरोरेषा जाड आणि दांडा किरकोळ आला, तर कड उभी झाली आहे. मग ‘त’ लिहून पाहावा. कोन योग्य असेल, तर त्याची कमान डावीकडे वळताना भरते आणि शेपटी खाली उजवीकडे जाताना कोणताही प्रयत्न न करता आपोआप निमुळती होते. ती शेपटी पहिल्यांदा जमते तेव्हा शिकणाऱ्याच्या चेहऱ्यावर उमटणारा आनंद पाहण्यासाठी मी आजही पहिल्या दिवशी ‘त’ लवकर घेतो.

कोन सुधारण्यासाठी मनगट पिळून धरू नये, कारण तासाभरात ते दुखू लागते आणि कोन पुन्हा घसरतो. कागद थोडा फिरवून घ्यावा, कोपर अंगाजवळ आणावे, किंवा देवनागरीसाठी तिरका काप दिलेले कलम वापरावे. डावखुऱ्या व्यक्तींच्या बाबतीत येथे एक सुखद गोष्ट घडते. सरळ कापाचे पेन डाव्या हातात सहज धरले, की त्याची कड आपसूक देवनागरीच्या दिशेनेच टेकते. डावखुऱ्या मुलांना उजव्या हाताने लिहायला लावणारे किंवा त्यांना कोपऱ्यात बसवणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. त्यांच्या हाताची ठेवण येथे खरोखर उपयोगाची असते. फक्त ओल्या शाईवर हात फिरणार नाही, अशा बेताने त्यांचा कागद ठेवून द्यावा.

अक्षर कलमाच्या मानाने फार लहान काढणे

वहीच्या छापील दोन ओळींमध्ये रुंद कलमाने लिहू गेल्यास ‘ध’, ‘भ’, ‘श’ यांच्या गाठी बुजतात आणि अक्षराच्या जागी शाईचा गोळा उरतो. नवशिक्यांसाठी मी अक्षराची उंची कलमाच्या रुंदीच्या सहापट ठेवतो, म्हणजे ३.८ मिलिमीटर रुंदीच्या सपाट टोकाच्या ‘पॅरलल’ पेनासाठी सुमारे २३ मिलिमीटर. कलमाने एकावर एक सहा चौकोन रचून ही उंची कागदावरच मोजता येते आणि मात्रा-वेलांटीसाठी वर व उकारांसाठी खाली जागा सोडून आखणी करता येते.

हिरव्या बांबूचे बोरू करणे

कोकणात बांबूला तोटा नाही, त्यामुळे बोरू घरीच तासण्याचा उत्साह सर्वांना असतो, आणि तो असायलाच हवा. परंतु नुकताच तोडलेला बांबू सुकताना आकसतो, चिरतो आणि त्याच्या टोकाचे तंतू शाईत भिजून कुंचल्यासारखे फिसकटतात. चांगला वाळलेला तुकडाच घ्यावा. दुसरी चूक तासण्यातली असते. बांबूची बाहेरची साल कठीण आणि आतला भाग मऊ असतो, म्हणून आतून तासत जाऊन लिहिणारी कड सालीची ठेवावी. सालच तासून टाकली, तर कड दोन ओळींत बोथट होते. शेवटचा काप कठीण पाटावर टोक टेकवून, धारदार चाकूने, एका दाबात द्यावा. शाई एकदम ओघळत असेल किंवा उतरतच नसेल, तर टोकाला मधोमध दिलेली, शाई उतरवणारी चीर तपासावी.

दमट हवेतला कागद कोरडा समजणे

किनाऱ्यावरच्या कार्यशाळेत सर्वाधिक मनस्ताप याच गोष्टीने होतो, आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्या मार्गदर्शकांना याचा अंदाज नसतो. पावसाळ्यात आपल्याकडे हवेतील आर्द्रता अनेकदा ९० टक्क्यांच्या आसपास असते. कागद ही ओल सतत शोषत राहतो, त्याची खळ सैलावते, आणि मग शाई रेघेत थांबण्याऐवजी तंतूंमधून कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते. यालाच आपण शाई फुटणे म्हणतो.

एका ऑगस्ट महिन्यात किनाऱ्यालगतच्या एका गावी माझी दोन दिवसांची कार्यशाळा होती. आयोजकांनी चांगला जाड कार्ट्रिज कागद आठवडाभर आधी आणून सभागृहाच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवला होता, आणि ती भिंत पावसाच्या माऱ्याची होती. पहिल्या तासात सगळ्यांचीच अक्षरे फुटली. मुले रडवेली झाली, मी शाई बदलून पाहिली, कलमे बदलून पाहिली, आणि अर्धा दिवस वाया गेल्यावर गठ्ठ्याच्या अगदी मधला एक कागद सहज ओढून त्यावर लिहिले, तर रेघ सुरीने कापल्यासारखी स्वच्छ आली. वरचे, खालचे आणि भिंतीकडच्या कडेचे कागद ओल प्यायले होते. तो कागद आधी मी हातात घेऊन पाहायला हवा होता. कोरडा कागद झटकला की खडखडतो, ओला कागद मुका राहतो, एवढी खूण मला तेव्हा माहीत असूनही घाईत सुचली नाही.

तेव्हापासून कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आत सिलिका जेलच्या पुड्या घालून, आडवा आणि जमिनीपासून वर ठेवण्याची मी आधीच विनंती करतो. ओलावलेला कागद दुसऱ्या कोऱ्या कागदाखाली ठेवून त्यावर कमी उष्णतेची इस्त्री फिरवली, तर लिहिण्यापुरता सुधारतो, मात्र तो लगेच वापरावा. खरखरीत कागदावर शाई फुटत असेल, तर जुना उपाय अजूनही कामाचा आहे. पोथ्यांसाठी कागदाला खळ देऊन तो अकीक किंवा शंखासारख्या गुळगुळीत वस्तूने घोटून घेत असत. तांदळाच्या पातळ, गाळलेल्या पेजेचा एक हात देऊन, पूर्ण वाळवून, मोठ्या कवडीच्या पाठीने कागद घोटला, की कलम त्यावरून कसे सरकते ते अनुभवण्यासारखे आहे. हे काम उन्हाळ्यातच करून ठेवावे. पावसात खळ वाळत नाही आणि तिला बुरशी धरते.

याच्या उलट तक्रारही येते. पानाच्या खालच्या अर्ध्या भागात शाई मध्येच तुटते, रेघेत पांढरे ठिपके राहतात, आणि दोष निबला दिला जातो. वास्तविक तेथे घामेजलेला किंवा खोबरेल तेलाचा हात टेकलेला असतो आणि त्या तेलकट जागेवर शाई धरत नाही. हाताखाली एक कोरा कागद ठेवणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

शाई आणि निब

जलरोधक इंडिया इंक फाउंटन पेनात भरू नये. तिच्यात बहुधा लाखेचा अंश असतो, तो आत वाळला की पेन कायमचे तुंबते. अशी शाई बोरू किंवा टाकासाठीच (शाईत बुडवून लिहायच्या निबच्या लेखणीसाठीच) ठेवावी. काजळी आणि डिंकाची शाई घरी करणाऱ्यांनी डिंकाचे प्रमाण जपावे. तो कमी पडला, तर वाळलेली अक्षरे बोटाला लागतात. जास्त झाला, तर दमट दिवसांत अक्षर चिकट राहते आणि वरचा कागद त्याला चिकटतो. शाईला बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचा एखादा थेंब पुरतो. पेन्सिलच्या आखणीच्या रेघा पावसाळ्यात लगेच न खोडता दुसऱ्या दिवशी खोडाव्यात.

टाकाच्या नव्या निबवर गंज लागू नये म्हणून तेलाचा पातळ थर दिलेला असतो, त्यामुळे शाई थेंबाथेंबाने जमते आणि निब खराब निघाली असे वाटते. साबणाच्या पाण्याने ती पुसून घ्यावी. काम झाल्यावर निब धुऊन लगेच कोरडी करावी, कारण खाऱ्या हवेत ओली निब एका रात्रीत गंजते.

दोन अक्षरांमधले अंतर पट्टीने मोजणे

वर सांगितलेले सगळे नीट झाले, तरी शब्द विस्कळीत दिसू शकतो, आणि येथून पुढचे काम डोळ्यांचे आहे. ‘रत्नागिरी’ हाच शब्द घेऊ. ‘न’चा दांडा, त्यापुढचा काना आणि ‘गि’च्या ऱ्हस्व वेलांटीचा दांडा असे तीन उभे दांडे या शब्दात ओळीने येतात. प्रत्येक दांड्यामध्ये सारखे अंतर ठेवले, तर शब्दाच्या मधोमध खिडकीचे गज उभे राहिल्यासारखे दिसते, आणि त्याच वेळी ‘र’च्या पोटाखाली दोन्ही ठिकाणी मोकळी पोकळी राहते. दांड्या-दांड्यांमध्ये थोडी अधिक मोकळीक द्यावी, ‘र’ला शेजारच्या अक्षराजवळ सरकवावे, आणि मग कागद उलटा धरून काळ्याकडे न पाहता पांढऱ्या जागांकडे पाहावे. जेथे प्रकाश साठल्यासारखा वाटतो तेथे अंतर जास्त झाले आहे. ‘गि’च्या वेलांटीची कमान ‘ग’च्या दांड्यापर्यंत पोहोचली आहे ना, हेही याच वेळी पाहावे, ती बऱ्याचदा आखूड पडून हवेत लोंबत राहते.

शिरोरेषा शेवटी, शब्द पुरा झाल्यावर द्यावी. मोडी लिहिताना आधी पूर्ण ओळीची रेघ ओढून तिच्याखाली अक्षरे लिहीत असत, आणि मोडी शिकलेल्यांना तीच सवय असते. देवनागरीत मात्र अशी सलग रेघ ‘ध’ आणि ‘भ’ यांच्या डोक्यावरूनही जाते. मग ‘भात’ हा ‘मात’ वाचला जातो आणि ‘धार’ची ‘घार’ होते. या अक्षरांवर शिरोरेषा तोडलीच पाहिजे.

संगणकाच्या फॉन्टवरून कित्ता करणे

सुलेखनकार र. कृ. जोशी (१९३६–२००८) यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला. तो पडद्यावर, लहान आकारातही स्वच्छ वाचता यावा या गरजेतून आलेला आहे. त्याची छापील प्रत बोरूने गिरवली, तर बोरूचे बळ वाया जाते आणि फॉन्टची शिस्तही साधत नाही. शिवाय अनेक फॉन्टमध्ये ‘ल’ आणि ‘श’ हिंदीच्या वळणाचे असतात. मराठीचा दोन पाकळ्यांचा ‘ल’ आणि शेंडीफोड्या ‘श’ यांची रूपे महाराष्ट्र शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही नमूद आहेत, आणि मराठी माणसाने लिहिलेल्या पानावर ती दिसावीत असे मला फार वाटते. कित्ता शिक्षकाने स्वतः, त्याच कलमाने, मुलांसमोर लिहून द्यावा.

सुलेखन आणि अक्षरचित्रण यांची गल्लत

सुलेखनात रेघ एका ओघात लिहिली जाते. अक्षरचित्रणात अक्षर आधी रेखाटून, खोडून, पुन्हा जुळवून मग भरले जाते. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची शीर्षके घडवली, ती या दुसऱ्या वाटेने, प्रत्येक नाटकाचा स्वभाव ओळखून. सुलेखनातली फसलेली रेघ मागाहून रंगवून दुरुस्त करू गेल्यास तिचा जिवंतपणा जातो, म्हणून ते पान बाजूला ठेवून पुन्हा लिहावे. अक्षरचित्रणात मात्र पहिलाच आराखडा अंतिम मानणे ही चूक ठरते.

मिरकरवाडा किंवा हर्णैच्या बंदरात होड्यांवरची नावे पाहिली, की हा फरक लख्ख कळतो. एका कार्यशाळेत वडिलांच्या होडीसाठी नाव लिहिणाऱ्या एका मुलाने बोरूने सुंदर कागद तयार केला होता, आणि तोच जसाच्या तसा मोठा करून नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, उतरवायचा त्याचा विचार होता. आम्ही तो कागद भिंतीला लावून सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला उभे राहिलो, तर ‘त’ची शेपटी आणि वेलांटीची सुरुवात दिसतच नव्हती. मग बारीक रेघा जाड केल्या, गाठी उघडल्या, अक्षरांत अंतर वाढवले. नाळेच्या बाकामुळे पुढची अक्षरे बाजूने पाहताना दबतात, म्हणून ती थोडी रुंद केली. तिसरा आराखडा लांबून नीट वाचता आला, तेव्हा त्याने तो गुंडाळून घेतला आणि फायबरला आधी पॉलिश पेपर मारायचा की रंगाचा पहिला हात द्यायचा, असे विचारले. आधी पॉलिश पेपर, मग पुसून पूर्ण कोरडे करणे, आणि रंग सकाळचे दव उडून गेल्यावरच, असे मी त्याला लिहून दिले.