केंद्राच्या आदेशाविरुद्ध युक्तिवाद उभा करताना

केंद्राच्या एखाद्या आदेशाने राज्याच्या अधिकारक्षेत्रात अतिक्रमण केले, असे न्यायालयात मांडायचे असेल, तर बातमीवर विसंबू नये. मूळ आदेश मिळवून तो कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली काढला आहे ते पाहावे, आणि कलमाचा उल्लेखच नसेल तर तिथे ठळक खूण करावी. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील, म्हणजे केंद्र आणि राज्ये यांच्यात विषय वाटणाऱ्या सूचींतील, नोंद शोधणे ओघानेच आले. मात्र पहिली नोंद सापडताच थांबू नये: 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने शिक्षण समवर्ती सूचीत (संसद आणि राज्य विधिमंडळ दोघांच्या विषयांत) गेले, तरी उच्च शिक्षणाच्या दर्जाचा समन्वय संघ सूचीच्या (केवळ संसदेच्या विषयांच्या) नोंद 66 मध्ये आहे आणि समोरचा वकील तिथूनच सुरुवात करील.

यानंतर केंद्राच्या कार्यकारी अधिकाराची व्याप्ती सांगणारा अनुच्छेद 73 घ्यावा, आणि तो परंतुकासह, म्हणजे मूळ नियमाला मर्यादा घालणाऱ्या भागासह, वाचावा. संसदेला ज्या विषयांवर कायदा करता येतो, तिथवर केंद्राचा कार्यकारी अधिकार पोहोचतो, एवढे सर्वांना पाठ असते. परंतुक सांगते की, राज्य विधिमंडळालाही ज्या विषयावर कायदा करता येतो, त्या विषयात हा अधिकार राज्यामध्ये चालत नाही. संविधानाने किंवा संसदेच्या कायद्याने तशी स्पष्ट तरतूद केली असेल तरच चालतो. म्हणून समवर्ती विषयावर केंद्रीय कायदा आहे, एवढ्याने भागत नाही. त्या कायद्याने केंद्र सरकारला तो अधिकार स्पष्ट शब्दांत दिलेला असावा लागतो. म्हणून परंतुकाचा मजकूर शब्दशः उतरवावा, सारांश करू नये. परंतुक फक्त पोटखंड (क) ला, म्हणजे संसदेच्या विषयांवरील अधिकाराला, लागू आहे, (ख) मधील आंतरराष्ट्रीय कराराच्या अधिकाराला नाही, हेही त्याच पानावर लिहावे.

कायद्याविनाही कार्यकारी अधिकार चालतो, यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा राम जवाया कपूर (1955) हा निकाल हमखास दाखवला जाईल. तो निकाल पूर्ण वाचावा; त्यातली दोन वाक्ये उचलून निभाव लागत नाही. समवर्ती विषयांतील कार्यकारी अधिकार सामान्यतः राज्याकडे राहील, हे त्यातच म्हटले आहे, आणि तेही परंतुकाच्याच आधारे. सत्ताविभाजनावरही (विधिमंडळ, कार्यकारी मंडळ आणि न्यायालये यांची कामे वेगळी ठेवण्याच्या तत्त्वावरही) भाबडेपणा नको: आपल्या संविधानाने ते तत्त्व काटेकोर स्वरूपात स्वीकारलेले नाही, असे हाच निकाल सांगतो.

अनुच्छेद 257 पुढे केला गेला, तर तो केंद्राच्या कार्यकारी अधिकाराच्या वापराला राज्याने अडथळा आणू नये आणि त्यासाठी केंद्र राज्याला निर्देश देऊ शकते, असे सांगतो. तो अधिकार मुळात किती, हे पुन्हा 73 चे परंतुकच ठरवते. अनुच्छेद 256 राज्याने संसदेच्या कायद्यांचे पालन करण्याबद्दल आहे, म्हणून त्यासाठी संसदेचा कायदा दाखवायला लावावा.

राहिले ते थोडक्यात. राज्य सरकारचा दावा अनुच्छेद 131 खाली सर्वोच्च न्यायालयात, नागरिकाची याचिका 226 खाली उच्च न्यायालयात. प्रतिवादी भारतीय संघराज्य. अंतरिम स्थगितीची मागणी वेगळी. परंतुकाची प्रत प्रत्येक न्यायमूर्तींसाठी. पृष्ठक्रमांक तपासावेत.