पोर्वोच्या शाळेतील एक आठवडा: परदेशी शाळा पाहायला जाणाऱ्या शिक्षकांसाठी

कर्नाटकाच्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातील एका मराठी प्राथमिक शाळेत मी सतरा वर्षे शिकवत आहे. फिनलंडमध्ये, हेलसिंकीपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या पोर्वो या गावातील स्वीडिश माध्यमाच्या शाळेत एक आठवडा बसून मुलांचा दिनक्रम पाहण्याची संधी मला मिळाली. सीमाभागातील ज्या शिक्षकांना किंवा डी.एड., बी.एड.च्या विद्यार्थ्यांना अशी शाळाभेट करायची आहे, त्यांच्या उपयोगी पडावे म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

फिनिश शाळा सोडून मी स्वीडिश शाळा का निवडली, ते आधी सांगते. त्या देशात फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही राष्ट्रीय भाषा आहेत. मात्र स्वीडिश मातृभाषा असणारे लोक सुमारे ५ टक्केच आहेत. एखाद्या नगरपालिकेच्या हद्दीत अल्पसंख्य भाषेचे लोक ८ टक्के किंवा ३,००० असले की ती नगरपालिका कायद्याने द्विभाषिक ठरते, आणि तिथे रस्त्यांची नावेही दोन्ही भाषांत लिहिली जातात. बहुसंख्यांची भाषा वर, दुसरी खाली. पोर्वोचे स्वीडिश नाव बोर्गो. बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही नावे रोज ऐकणाऱ्या माझ्यासारखीला हे गाव परके वाटले नाही. फिनलंडच्या शाळांत परीक्षांचे ओझे नसते, हे आपण सर्वांनी वाचलेले असते. मला मात्र दोन भाषांच्या मध्ये वाढणारे मूल शाळेत दिवस कसा घालवते, ते पाहायचे होते.

आपल्याकडे उन्हाळी सुट्टी एप्रिल-मे महिन्यांत असते आणि तिथल्या शाळा मेअखेरपर्यंत भरतात. त्यामुळे कर्नाटकातील शिक्षकाला वेगळी रजा न काढता ही भेट साधता येते. जून आणि जुलैमध्ये तिथे शाळा बंद असतात, हे तिकीट काढण्यापूर्वी लक्षात ठेवावे. परवानगीसाठी मी चार महिने आधी मुख्याध्यापकांना पत्र लिहिले होते. पहिल्या पत्रात ‘आपली शाळा पाहण्याची इच्छा आहे’ एवढेच लिहिले होते, त्याचे उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रात मी कोणत्या शाळेत शिकवते, आमची मुले कोणत्या तीन-चार भाषा शिकतात आणि मला नेमके काय पाहायचे आहे, हे सविस्तर कळवले. त्याला आठवडाभरात होकार आला. मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत, अशी सूचना त्यातच होती. ती मनापासून पाळावी आणि वहीत टिपणे करावीत.

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला असा, की सगळी शाळा पाहण्याचा हव्यास धरू नये. मी वर्गशिक्षिकेच्या संमतीने तिसरीतील एका मुलीचा दिवस सकाळपासून शाळा सुटेपर्यंत पाहत राहिले. बूट दाराशी काढून मुले मोजे घालून वर्गात जातात. पंचेचाळीस मिनिटांच्या तासानंतर बहुधा पंधरा मिनिटांची सुट्टी असते, आणि त्या सुट्टीत सगळ्यांनी अंगणात जायचे असते. एप्रिलमध्ये बर्फ वितळून चिखल झालेला असतो. म्हणून मुले चिखलात घालायची रबरी विजार आधी चढवतात आणि परत आल्यावर स्वतः काढून खुंटीला लावतात. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना या चढवण्या-उतरवण्यात वेळ लागत होता, तरी मदतीला कोणी धावत नव्हते. पहिले दोन दिवस मला राहवत नसे. तिसऱ्या दिवशी कळले, की तो वेळ वेळापत्रकात धरलेलाच आहे.

जेवण अकराच्या सुमारास. १९४८ पासून तिथे प्रत्येक मुलाला शाळेत मोफत गरम जेवण मिळते. आपल्या बिसिऊटमध्ये, म्हणजे शाळेतील दुपारच्या गरम जेवणात, आपण वाढतो. तिथे मूल स्वतः वाढून घेते आणि ताट धुण्याच्या जागी नेऊन ठेवते. शिक्षिका मुलांबरोबर त्याच टेबलावर जेवते, हे मला फार आवडले. आणखी एक गोष्ट, लाकूडकाम आणि शिवणकाम मुलगे-मुली एकत्र शिकतात. हस्तकला हा तिथे १८६६ पासून शाळेचा सक्तीचा विषय आहे.

मात्र ज्यासाठी गेले होते, ते मला फिनिशच्या तासाला सापडले. स्वीडिश शाळेतील प्रत्येक मूल फिनिश शिकते, पण सगळी मुले एकच अभ्यासक्रम शिकत नाहीत. ज्या घरात फिनिशही बोलली जाते त्या घरातील मुलांसाठी मातृभाषेच्या जवळ जाणारा वेगळा अभ्यासक्रम असतो, आणि ज्यांच्या कानावर ती कमी पडते त्यांच्यासाठी दुसरा. मी पाहत असलेली मुलगी पहिल्या गटात होती, तिची जिवलग मैत्रीण दुसऱ्या गटात; तासाला दोघी वेगळ्या खोल्यांत जात, सुट्टीत पुन्हा एकत्र येऊन स्वीडिशमध्ये खेळत. मला त्यांचे एकही वाक्य कळत नव्हते, म्हणूनच कदाचित चेहरे नीट पाहता आले. दुसऱ्या गटातील मुले चुकत होती, पण गप्प बसत नव्हती.

मला तिथे आमचा वर्ग आठवला. जांबोटीच्या रानातील वाडीतून आलेले मूल, ज्याने कन्नड फक्त रस्त्यावरच्या पाट्यांवर पाहिलेली असते, आणि बाजारपेठेत दुकान असलेल्या घरातील मूल, जे गिऱ्हाईकाशी सहज कन्नड बोलते, ही दोघे आमच्याकडे एकाच पुस्तकाचे एकच पान उघडून बसतात. पहिल्याला काही समजत नाही आणि दुसऱ्याला त्यात नवे काही मिळत नाही. मुले पातळीनुसार गटांत बसवण्याची कल्पना आपल्या राज्यात नवी नाही; कन्नड शाळांत नली-कली (आनंदाने शिका) या पद्धतीने चालणाऱ्या वर्गांत मी ती पाहिली होती. ती भाषेच्या तासाला लावता येईल, हे मात्र इतक्या दूर जाऊन सुचले.

शेवटच्या दिवशी मुलांनी मला किती भाषा येतात, असे विचारले. मी मराठी, कन्नड, हिंदी, इंग्रजी अशी नावे घेतली आणि फळ्यावर मराठी व कन्नडमध्ये प्रत्येकाचे नाव लिहून दिले. मुलांनी दोन्ही लिप्यांतील आपापली नावे वहीत उतरवून घेतली.

परतल्यावर मुख्याध्यापकांशी बोलून चौथीच्या कन्नड तासाचे आम्ही दोन गट केले. ज्यांना कन्नड येते ती मुले गोष्ट वाचतात आणि स्वतःची लिहितात. बाकीची माझ्यासोबत बोलण्यापासून सुरुवात करतात, कधी बसस्थानकावरील पाट्या वाचत, कधी संतेबाजारातील, म्हणजे आठवडी बाजारातील, भाव विचारत. एकशिक्षकी शाळेत हे कसे जमवावे, याचे उत्तर मी अजून शोधत आहे.