कोल्हापुरात काम शोधताय? आधी तुमचं नाव पोचू द्या

आयटीआय करून लातूर, बीडकडून कोल्हापुरात येणाऱ्या पोरांसाठी हे लिहितोय. मीही तिकडचाच, इथल्या मशिनशॉपमध्ये रुळलो.

शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलची पंचतारांकित एमआयडीसी, या तिन्हीकडे फाउंड्र्या (ओतकामाचे कारखाने) आणि मशिनशॉप भरपूर. गेटवर बायोडाटा द्या, जरूर द्या. पण हेल्परची भरती बरीचशी कंत्राटदारामार्फत होते, आणि सेटरच्या (मशिन जुळवून देणाऱ्याच्या), क्वालिटीच्या जागा बोर्ड लागायच्या आत भरलेल्या असतात. मालक सुपरवायझरला एवढंच विचारतो, "कोण हाय का रं ओळखीचं?"

म्हणून सुरुवात शिवाजी उद्यमनगरातल्या एखाद्या छोट्या शेडमध्ये झाली तरी कमीपणा मानू नका. उलट मी तर तेच सुचवेन. तिथे टर्निंग एकाकडे, ड्रिलिंग शेजारी, ग्राइंडिंग पलीकडच्या गल्लीत. माल या शेडमधून त्या शेडमध्ये फिरतो, आणि मालाबरोबर तो कोणी केला हेही फिरतं.

नाव नेमकं कशाने होतं, ते सांगतो. समजा, शिफ्ट संपत आलीय आणि बोअर (आतलं भोक) दोन-तीन पीसमध्ये मोठा झालाय. कुणी बघत नाही. ते पीस चांगल्या मालात ढकलले, तर पुढे ग्राहकाच्या तपासणीत सापडतात, अख्खा लॉट परत येतो आणि भाड्यासकट भुर्दंड मालकाला बसतो. तेच पीस बाजूला काढून खडूने खूण करा आणि सेटरला स्वतः जाऊन सांगा, "दादा, हे माझ्याकडून गेलेत." बोलणी खावी लागतील, खा. पण पुढे दुसऱ्या कारखान्यातून तुमच्याबद्दल फोन आला, की हाच सेटर म्हणतो, "घ्या बिनधास्त, पोरगा लपवत नाही."

तुमच्यासाठी शब्द टाकणारा माणूस स्वतःची पत पणाला लावत असतो. त्याच्या शब्दावर लागलात आणि महिनाभरात न सांगता गायब झालात, तर तो पुढच्या पोरासाठी तोंड उघडणार नाही. तो पुढचा पोरगा बहुतेक आपल्याच गावचा असतो. काम सोडायचं तर आधी सांगा, उचल फेडा, हातातलं काम समजावून द्या. पगार थोडा वाढवून मिळतो म्हणून दर दोन महिन्यांनी शॉप बदलणाऱ्याला इथे जबाबदारीचं मशिन कुणी देत नाही.

खोलीवर सगळे गाववालेच असतात, आधारही त्यांचाच असतो. पण त्यांच्यापुरतंच राहू नका. चहाच्या गाड्यावर इथल्या मिस्त्रींजवळ उभं राहा, ओतकामाचे नमुने बनवणाऱ्या पॅटर्नवाल्याशी, टेम्पोवाल्या मामांशी बोला. कुठे नवीन व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशिन) उतरली, हे टेम्पोवाल्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

आणि काम लावून देतो म्हणून आगाऊ पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. खरी ओळख असलेला माणूस पैसे मागत नाही. तो विचारतो, याआधी कुठल्या शॉपला होतास आणि तिथे कुणाला फोन लावू?