पर्यावरणपूरक घर बांधताय? नकाशावरच्या या चुका टाळा

गच्चीवर सोलर पॅनल आणि आत बांबूचं फर्निचर, एवढ्याने घर ‘ग्रीन’ होत नाही. घर तापणार की गार राहणार, हे नकाशावरच ठरून जातं.

सगळ्यात महागात पडते ती पश्चिमेची मोठी काच. मॉडर्न दिसतं म्हणून दिवाणखान्याची अख्खी भिंत काचेची करायची, वर दोन फुटांचा छज्जा काढायचा आणि निर्धास्त व्हायचं. पण उतरतं ऊन तिरपं येतं, छज्ज्याखालून थेट सोफ्यावर. मग जाड पडदे लागतात. तोवर ऊन आत आलेलं असतं. पडदा तापतो आणि बरीचशी उष्णता खोलीतच कोंडते. ऊन काचेबाहेरच अडवायला हवं. घर बांधून झालं असेल तर बाहेरून उभ्या झडपा, चिक (बांबूच्या काड्यांचा पडदा) किंवा वेलीची जाळी लावा.

खिडकी मोठी, तरी खोली कोंदट? वाऱ्याला बाहेर पडायला वाट नसेल. दार लावून खिडकीत कागदाची पट्टी धरा, मग दार उघडून पाहा. उघडल्यावरच पट्टी हलली, तर दारावर झरोका हवा.

सोलर हीटर एका टोकाला आणि बाथरूम दुसऱ्या, ही चूक नळ सोडल्यावर कळते. आतून 20 मिमी व्यासाच्या 15 मीटर पाइपात साधारण पावणेपाच लिटर पाणी मावतं. गरम पाणी येईस्तोवर तेवढं गार पाणी मोरीत. (आणि नाव मात्र हीटरचं खराब होतं!) बाथरूम आणि स्वयंपाकघर एकाच डक्टभोवती आणा. आता ते शक्य नसेल, तर पाइपाला उष्णतारोधक आवरण घाला आणि सुरुवातीचं पाणी बादलीत धरा.

100 चौरस मीटर गच्चीवर 10 मिमी पाऊस म्हणजे 1000 लिटर पाणी, त्यातलं बरंचसं टाकीत उतरवता येतं. लोक टाकी घेतात, पण पहिल्या सरीचं मळकं पाणी बाहेर सोडणारी झडप विसरतात. पॅनलवर पाण्याच्या टाकीची सावली पडू देऊ नका. एका माळेत जोडलेल्या पॅनलपैकी एक झाकलं तरी बाकीच्यांची वीज घटू शकते.

आणि ती पाहुण्यांची खोली. जादा खोली म्हणजे जादा सिमेंट, आणि सिमेंटसाठी चुनखडी भाजताना दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टीचं इंधन कितीही स्वच्छ असो. वर्षातून किती रात्री ती खोली उघडेल, ते मोजा. अभ्यासिकेत घडीचा पलंग मावतो का, तेही बघा.